द्व्यर्थाचे वाङ्मय आणि ‘सोंगाड्या’चे यश

१९७१ साली ‘सोंगाड्या’ हा मराठी चित्रपट प्रदर्शित झाला. लेखन वसंत सबनीस यांचे, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी यांचे; निर्माते आणि नायक दादा कोंडके, नायिका उषा चव्हाण. आईच्या धाकात वाढलेला भोळसट नाम्या तमाशा पाहावयास जातो, तमाशातील कलावतीवर त्याचा जीव जडतो आणि त्यापायी तो घराला पारखा होतो, एवढेच त्याचे कथानक. दादरच्या ‘कोहिनूर’ चित्रपटगृहाने या चित्रपटाला डावलून देव आनंद यांचा हिंदी चित्रपट लावण्याचे ठरविले, तेव्हा कोंडके यांनी बाळ ठाकरे यांच्याकडे धाव घेतली आणि शिवसेनेच्या हस्तक्षेपानंतर ‘सोंगाड्या’ला तेथे जागा मिळाली. पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. ‘सोंगाड्या’ने रौप्यमहोत्सव केला, त्यामागोमाग ‘एकटा जीव सदाशिव’, ‘पांडू हवालदार’, ‘राम राम गंगाराम’ अशी मालिका सुरू झाली आणि कोंडके यांच्या नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव साजरे केल्याची नोंद गिनीज बुकानेही घेतली. प्रादेशिक भाषेतील चित्रपट हिंदी चित्रपटाच्या छायेत गुदमरत असताना हे यश मिळाले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे वजन कळते.

या यशाची कथा नेहमी दोन तऱ्हांनी सांगितली जाते. एक तऱ्हा राजकारणाची: मराठी माणसाच्या अस्मितेने एका मराठी चित्रपटाला चित्रपटगृह मिळवून दिले. दुसरी तऱ्हा नीतीची: चावट विनोदाने अभिरुचीचा ऱ्हास केला आणि त्या ऱ्हासावर गल्ला भरला. पहिल्या कथेत चित्रपट केवळ निमित्त ठरतो आणि दुसरीत केवळ अपराधी. चित्रपटगृह मिळवून देणे संघटनेच्या हाती असते; त्यात पंचवीस आठवडे प्रेक्षक बसवून ठेवणे कोणाच्याही हाती नसते. तो प्रेक्षक कशासाठी आला आणि काय ऐकून हसला, हा प्रश्न वस्तुतः वाङ्मयाचा आहे. आणि तोच वाङ्मयाच्या अभ्यासकांनी फारसा विचारलेला नाही. कारण उघड आहे. उत्तर देऊ लागले की द्व्यर्थी बोलण्याच्या एका दीर्घ परंपरेला सामोरे जावे लागते, आणि त्या परंपरेचा जुना भाग वंदनीय व ताजा भाग निंद्य मानण्याची विद्यापीठीय सवय मोडावी लागते.

ही सवय संस्कृत काव्यशास्त्राने लावलेली नाही, हे प्रथम नोंदविले पाहिजे. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त श्लेषाला अलंकारांत स्थान दिले आणि अश्लीलाला दोषांत; व्रीडा, जुगुप्सा आणि अमंगल असे त्या दोषाचे तीन प्रकारही सांगितले. परंतु दोष हा सर्वत्र दोषच असतो, असे त्याने म्हटले नाही. शृंगाराच्या गोष्टीत गुह्य विषय द्व्यर्थी पदांनी सूचित करावा, हा कामशास्त्राचा संकेत उल्लेखून त्याने तेथे अश्लीलाला गुण मानले आहे. म्हणजे बोलणारा कोण, ऐकणारा कोण आणि प्रसंग कोणता, यांवर निर्णय सोपविलेला आहे. हालाच्या ‘गाथासप्तशती’ने तर, जी महाराष्ट्री प्राकृतातील असल्याने मराठी मनाला विशेष जवळची, ध्वनिसिद्धान्ताला उदाहरणे पुरविली. सासू कोठे निजते आणि आपण कोठे, हे वाटसरूला बजावून सांगणारी गृहिणी आनंदवर्धनाने उद्धृत केली आहे. तिच्या शब्दांचा वरवरचा अर्थ सावधगिरीचा आणि आतला अर्थ आमंत्रणाचा. या श्लोकाची चर्चा आजही वर्गावर्गांतून गांभीर्याने होते. तेच कौशल्य फुकट्या पासावर तंबूत बसलेल्या गड्याला हसवू लागले म्हणजे मात्र अध्यापकाच्या कपाळाला आठी पडते.

हा दुटप्पीपणा केवळ मराठीचा नाही. ज्या नगराने द्व्यर्थी बोलण्याला नागर कलेची प्रतिष्ठा दिली आणि पुढे त्याच कलेची लाज बाळगली, त्या लखनौचा इतिहास या बाबतीत फार बोलका आहे. अब्दुल हलीम शरर यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ‘दिलगुदाज’ मासिकातून गतकालीन लखनौवर जी लेखमाला लिहिली, तीत पाकशास्त्र, पोशाख, पतंगबाजी यांच्याबरोबरीने त्यांनी बोलण्याच्या कलांचीही नोंद केली आहे. ‘फब्ती’ म्हणजे समोरच्याच्या रूपावर वा वेषावर क्षणात चपखल बसविलेली उपमा. ‘जिला’ म्हणजे एखादा विषय मनाशी धरून भलत्याच गोष्टीविषयी बोलताना त्या विषयाचेच शब्द दुहेरी अर्थाने गुंफीत जाणे. ही करमणूक दरबारापुरती नव्हती. बाजारातील सामान्य माणसेही तीत वाकबगार असत. ज्याला जिला कळत नाही तो लखनौत परका, असा तो मामला होता.

याच नगरात रेख्ती बहरली. सआदत यार खान ‘रंगीन’ आणि इन्शाअल्ला खान ‘इन्शा’ या कवींनी बेगमांच्या अंतःपुरातील बोली कवितेत आणली; पुढे जान साहिबाने तिचा डंका वाजविला. कवी पुरुष, परंतु बोलणारी स्त्री. विषय दागिने, दाया, सवती, रुसवे आणि अर्थातच वासना. जान साहिब मुशायऱ्यात ओढणी घेऊन, स्त्रीच्या आविर्भावाने रेख्ती म्हणत असे, असे सांगतात. श्रोते हसत, आणि हसताना शब्दांचे दुसरे अर्थ टिपीत. मग १८५६ साली वाजिद अली शाह कलकत्त्याच्या मटियाबुर्जास गेला, १८५७चा उठाव चिरडला गेला आणि पराभवाची कारणे शोधणाऱ्या पिढीला काव्यातील विलास हे एक सोयीचे कारण सापडले. हाली यांच्या १८९३च्या ‘मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी’ने उर्दू कवितेला नीतीची नवी मोजपट्टी दिली. लखनौच्याच मिर्झा शौकच्या ‘जहर-ए-इश्क’ या मसनवीवर इंग्रजी अमलात बंदी आली. रेख्ती तर संग्रहांतून आणि पाठ्यक्रमांतून जवळजवळ पुसली गेली. तिचे गंभीर पुनर्वाचन होण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले. रूथ वनिता यांचा रेख्तीवरील ग्रंथ २०१२ साली आला. तोपर्यंत ज्या स्त्रियांच्या बोलीत ती लिहिली गेली, ती बोली बोलणारे घरच उरले नव्हते.

लखनौ आणि मराठी यांचा संबंध येथे ओढूनताणून जोडलेला नाही. इन्शा लखनौत सआदत अली खानाच्या दरबारी असताना पुण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाने होनाजी बाळा आणि प्रभाकर यांच्या लावण्या गाजत होत्या. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि बाजीराव बिठूरास राहावयास गेला; ते कानपूरजवळचे बिठूर लखनौपासून फार दूर नाही. दोन्ही दरबार बुडाले आणि दोन्हीकडे पराभवाचा दोष शृंगाराच्या माथी मारला गेला. बाजीराव लावणीत बुडाला म्हणून राज्य गेले, वाजिद अली शाह रहसात रमला म्हणून राज्य गेले. अशा स्पष्टीकरणांत कंपनी सरकारच्या तोफा आणि तह यांचा उल्लेख करण्याची गरज पडत नाही, ही त्यांची मोठी सोय. मात्र एका ठिकाणी दोन इतिहास वेगळे होतात. रेख्ती मुशायऱ्यातून उठली ती उठलीच. लावणी मात्र पुण्यातून उठून खेड्यांत गेली, तमाशाच्या फडांत राहिली, कोल्हाटी, महार, मांग कलावंतांनी ती जगविली; आणि पठ्ठे बापूरावांसारखा ब्राह्मण कवीही जातीवर पाणी सोडून तिच्यामागे गेला.

तमाशाच्या रचनेतच द्व्यर्थाला हक्काची जागा आहे. गणानंतर गौळण येते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट पेंद्या अडवितो, आणि पुरुष नटाने वठविलेली मावशी त्याच्याशी हुज्जत घालते. दूध, दही, माठ, जकात या शब्दांवर जे खेळ होतात ते प्रत्येक फड आपापल्या बुद्धीने आणि गावच्या बोलीने नव्याने रचतो. त्यामागून बतावणी आणि वग. सोंगाड्या हा या साऱ्याचा सूत्रधार. शास्त्रशुद्ध संहिता नसल्याने त्याला हजरजबाबीपणावरच उभे राहावे लागते. लखनौचा जिला आणि तमाशाची बतावणी यांत तत्त्वतः भेद नाही. भेद श्रोत्यांच्या ऐपतीचा आहे. म. वा. धोंड यांनी १९५६ साली ‘मऱ्हाटी लावणी’ लिहून शाहिरी शृंगाराचा साक्षेपी विचार केला आणि संगीत नाटक अकादमीने ‘गाढवाचं लग्न’ गाजविणाऱ्या दादू इंदुरीकरांना गौरविले. म्हणजे जुन्या लावणीला आणि रंगमंचावरील वगाला कालांतराने का होईना, मान मिळाला. चित्रपटाच्या पडद्यावर आलेल्या बतावणीला तो मिळाला नाही.

पडद्यावर ती आली ती लोकनाट्याच्या वाटेने. गिरणगावात वाढलेल्या कोंडके यांच्यासाठी वसंत सबनीस यांनी ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिले. वगाचा बाज ठेवून लिहिलेल्या या नाटकाचे पंधराशेहून अधिक प्रयोग झाले. हिंदीत ते ‘सैयाँ भये कोतवाल’ या नावाने गेले, आणि हिंदी मुलखाला हे नावच एका म्हणीतून ओळखीचे असल्याने तेथेही रुळले. ‘सोंगाड्या’ हा या नाटकाच्या यशातून निघालेला चित्रपट. त्याचे नाव तमाशातील पात्राचे; त्याचा नायक, गंमत अशी की, स्वतः सोंगाड्या नाही. त्याला दुसरा अर्थ कळतच नाही. अर्धी चड्डी, तिची लोंबणारी नाडी आणि कोणत्याही प्रश्नाला सरळ उत्तर देण्याचा भाबडेपणा, या साहित्यावर नाम्या उभा आहे. तो एक अर्थ बोलतो आणि प्रेक्षक दुसरा ऐकतो. चावटपणाची जबाबदारी अशा रीतीने वक्त्याकडून श्रोत्याकडे जाते. ही युक्ती साधी दिसते, परंतु तिच्यासाठी खेड्यातील शेतीची, गुरांची, स्वयंपाकाची आणि सोयरिकीची शब्दकळा पुरती मुठीत असावी लागते. गिरणीत राबणारा, मन कोकणात किंवा घाटावर ठेवून आलेला प्रेक्षक त्या शब्दकळेला भुकेला होता. नगरवासी झालेल्या माणसाला आपल्या गावची बोली, आणि तीही शहाण्यांची फजिती करताना, चित्रपटगृहात ऐकू आली. ‘सोंगाड्या’च्या यशाचे वाङ्मयीन कारण शोधावयाचे तर ते येथे आहे.

तुलनेसाठी एक उदाहरण पुरेसे व्हावे. ‘सोंगाड्या’च्या पाच वर्षे आधी, १९६६ साली, बासू भट्टाचार्य यांचा ‘तीसरी कसम’ आला. फणीश्वरनाथ रेणूंच्या ‘मारे गये गुलफाम’ या कथेवर तो आधारलेला. आणि त्या शीर्षकातील गुलफाम म्हणजे लखनौच्या अमानतने लिहिलेल्या ‘इंदरसभा’तील राजपुत्र. भोळा गाडीवान हिरामन नौटंकीच्या हिराबाईवर जीव टाकतो. भोळा नाम्या तमाशाच्या कलावतीवर. बीज एकच आहे. ‘तीसरी कसम’ला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि प्रेक्षकांनी पाठ फिरविली, ‘सोंगाड्या’ला प्रेक्षक मिळाले आणि समीक्षेने पाठ फिरविली. रेणूंच्या कथेचे श्रेष्ठत्व नाकारण्याचे काहीच कारण नाही. परंतु नाचणाऱ्या स्त्रीवर खेडुताने प्रेम करावे याचा शेवट विरहात झाला तर ते साहित्य, आणि हास्यात झाला तर ती केवळ करमणूक, असा दंडक कोणत्या काव्यशास्त्राने घालून दिला आहे, हे एकदा सांगितले गेले पाहिजे.

आता आक्षेपाचा विचार. कोंडके यांच्या विनोदात स्त्रीदेहाची विटंबना आहे, हा आक्षेप केवळ सोवळेपणातून आलेला नाही, आणि परंपरेचा हवाला देऊन तो उडवून लावता येणार नाही. जुनेपणा हे कोणत्याही गोष्टीचे समर्थन नव्हे. परंतु या आक्षेपाला नेमकेपणा यावा यासाठी श्लील-अश्लीलाची फूटपट्टी टाकून दुसरी हाती घ्यावयास हवी. द्व्यर्थी बोलण्यात प्रश्न असा विचारावा की दुसरा अर्थ कोणाच्या ताब्यात आहे आणि उत्तर देण्याचा अधिकार कोणाला आहे. हालाच्या गाथेत तो गृहिणीच्या ताब्यात आहे. तीच बोलते, वाटसरू फक्त ऐकतो. तमाशाच्या गौळणीत मावशी पेंद्याला निरुत्तर करते. ‘विच्छा’तील मैनावती सत्ताधाऱ्यांना शब्दांत गुंडाळते. १९७५च्या ‘पांडू हवालदार’मध्ये उषा चव्हाण यांची पारू केळेवाली हवालदाराला तोडीस तोड उत्तरे देते, आणि वर्दीचा रुबाब तिच्या टोपलीपुढे लटका पडतो. या सर्व ठिकाणी द्व्यर्थ हा दोघांचा खेळ आहे. सवालाला जवाब आहे.

जेथे जवाब नाहीसा होतो तेथे हे वाङ्मय संपते. कोंडके यांच्या उत्तरकालीन चित्रपटांत, विशेषतः हिंदीत, असे घडलेले दिसते. ‘तेरे मेरे बीच में’ १९८४ साली आणि ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’ १९८६ साली आला. दुसऱ्या शीर्षकातील कोटी ‘दिया’ या शब्दाच्या नाम आणि क्रियापद अशा दुहेरी रूपावर उभी आहे. व्याकरणाच्या दृष्टीने ती निर्दोष आहे. परंतु तिच्यामागे कोणतेही गाव नाही. कोणत्याही प्रांताची नसलेली हिंदी वापरताना बोलीचा पहिला, निरागस अर्थ इतका क्षीण होतो की दुसराच उघडानागडा उरतो. आणि स्त्री ही कोटी करणारी भागीदार न राहता कोटीचा विषय होते. १९८२च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरणगाव विस्कटत गेला. बोलीचे दोन्ही अर्थ ऐकणारा जुना प्रेक्षकही पांगला. द्व्यर्थी विनोदावर टीका करावयाची तर ती या ठिकाणी करावी. पहिला अर्थ जिवंत आहे की केवळ पांघरूण आहे, आणि समोरच्या व्यक्तीस बोलण्याची मुभा आहे की नाही, या दोन कसोट्या लावल्या म्हणजे ‘पांडू हवालदार’ आणि त्यानंतरची नक्कल यांतील अंतर आपोआप स्पष्ट होते.

हे काम कायद्याला जमणारे नाही. १९५२च्या चित्रपट कायद्याने प्रदर्शनपूर्व परीक्षणाचा अधिकार दिला आणि १९७० साली ख्वाजा अहमद अब्बास यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. त्याआधीच्याच वर्षी चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’ या कथेला अश्लीलतेच्या आरोपातून मुक्त करताना त्याच न्यायालयाने समाजाच्या बदलत्या अभिरुचीची जाणीव ठेवली होती. न्यायालय मुद्रित कथा समग्र वाचू शकते. परीक्षकासमोर मात्र द्व्यर्थी वाक्य आले की त्याची पंचाईत होते. शब्द निर्दोष असतो. तो कापावयाचा तर आपल्या मनात कोणता अर्थ आला हे परीक्षकाला कबूल करावे लागते. भाबड्या नाम्याने प्रेक्षकाला ज्या जाळ्यात पकडले, त्यातच सरकारी परीक्षकही सापडतो. म्हणून या विनोदाचा न्याय कात्रीने होत नाही. तो समीक्षेने करावयाचा आहे, आणि समीक्षेने हात आखडले तर करणारे दुसरे कोणी नाही.

यात विलंब करण्याची किंमत किती, हे लखनौने दाखवून दिले आहे. रंगीनने आपल्या रेख्तीच्या दिवाणाला बेगमाती बोलीतील शब्दांचा कोश जोडला होता. ज्या भाषेची चेष्टा होत होती ती भाषा टिपून ठेवली पाहिजे, हे चेष्टा करणाऱ्या कवीलाच सुचले. प्रतिष्ठित पंडितांना सुचले नाही. आज रेख्ती वाचणाऱ्याला त्या शब्दांचा आधार घ्यावा लागतो. जिल्याचे तर नमुनेच काय ते उरले, ऐकणारा गेला. मराठी बतावणीची स्थिती अद्याप तेवढी वाईट नाही. ‘सोंगाड्या’ आणि ‘पांडू हवालदार’ यांतील संवाद ज्यांना कोणाच्या मदतीवाचून कळतात असे लोक हयात आहेत. परंतु मोट, नाडा, कासरा, दावण, वैल, उतरंड या वस्तू ज्यांनी हाताळल्या नाहीत अशी पिढी चित्रपट पाहू लागली आहे. तिला शब्द ऐकू येतो, एकच अर्थ कळतो, आणि बहुधा तो दुसराच असतो. पहिला अर्थ गळून पडला की उरलेल्याला अश्लील म्हणणे सोपे होते. अशा रीतीने विनोदाला अश्लील ठरविण्याचे काम काळही करीत असतो.

कोंडके १९९८ साली वारले. त्यांच्या चित्रपटांची गाणी अजून लग्नाच्या वरातींतून वाजतात. त्यांना विद्यापीठाच्या शिफारशीची आवश्यकता नाही. आवश्यकता आहे ती विद्यापीठाला. भारतीय साहित्यांचा तौलनिक अभ्यास म्हणजे प्रतिष्ठित ग्रंथांची आपापसांत गाठ घालून देणे नव्हे. ‘गाथासप्तशती’, रेख्ती, गौळण, बतावणी आणि ‘सोंगाड्या’ यांना एका ओळीत ठेवून वाचण्याचे धैर्य त्याने दाखविले, तर श्लेषाच्या भारतीय इतिहासातील एक मोठे गाळलेले प्रकरण भरून निघेल. त्यासाठी पहिली कामे अगदी साधी आहेत: ‘विच्छा’च्या प्रयोगांतील, फडांतील आणि या चित्रपटांतील संवाद शब्दशः उतरवून घेणे, त्यांतील बोलीचा प्रांतवार कोश करणे, आणि त्या प्रेक्षागृहांत बसलेल्या वृद्ध स्त्री-पुरुषांना, विशेषतः स्त्रियांना, त्या कशावर हसल्या आणि कशावर हसल्या नाहीत, हे विचारणे. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही समीक्षकाने गृहीत धरू नये. गेली पन्नास वर्षे ते सर्वांनीच गृहीत धरले आहे. निंदा करणाऱ्यांनी आणि स्तुती करणाऱ्यांनीही.